छातीवरचा हात

दौंड, लोको शेडमागची चाळ,
ता. १२ नोव्हेंबर १९६१

हौशीराम आप्पा यांस,

नबीलालचा सलाम. इकडं मी, सरदारबी आणि दोन्ही मुली खुशाल आहोत. तुम्ही, भागुबाई वहिनी आणि मुलंबाळं सुखरूप असाल. घोडनदीला यंदा पाणी बरं आहे असं ऐकतो. वांगी, गवार लागली असेल.

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट फाडावं की परत पाठवावं, असं तुम्हाला झालं असेल. फाडलंत म्हणूनच हे वाचताय. तेव्हा आणखी थोडं वाचा.

तुमचा संपत इथं माझ्याजवळ आहे. शेडमध्ये इंजिनं पुसायला खलाशी म्हणून लागल्याचं त्यानं तुम्हाला कळवलं असेलच. मीही त्याच शेडमध्ये खलाशी आहे, हे त्यानं कळवलं नसणार. पहिल्या दिवशी हजेरीला उभा राहिला, तेव्हा मी त्याला चालीवरून ओळखला. तुमच्या घरातल्या माणसांचा डावा खांदा चालताना पुढं येतो. शिरूर सोडलं तेव्हा दहा वर्षांचं पोर होतं, आता सहा फूट दोन इंच. दारातून आत येताना वाकतो.

या उंचीमुळंच साहेबांनी त्याला टीममध्ये घेतलं. बास्केटबॉल म्हणजे काय, ते तुम्हाला सांगतो. इन्स्टिट्यूटपुढं सिमेंटचं मैदान आहे. दोन टोकांना दोन खांब, खांबाला फळी, फळीला पुरुषभर उंचीच्याही वर लोखंडी कडं, आणि कड्याला बूड नसलेली जाळी. पाच-पाच गडी. चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा आणि त्या कड्यातून खाली पाडायचा. दिसायला पोरखेळ. पण वीस-वीस मिनिटांचे दोन डाव अखंड पळायचं, हे आपल्या कुस्तीपेक्षा हलकं नाही. संपत मधला गडी आहे, सेंटर म्हणतात त्याला. सगळा खेळ त्याच्या हातातून जातो.

टीम रेल्वेची आहे. पोरांना नोकरी खेळासाठीच मिळालीय. सकाळी इंजिनं पुसायची, दुपारनंतर सराव. शिकवायला ऑस्कर साहेब आहेत, मालगाडीचे गार्ड. टीमची मालिश माझ्याकडं आहे. तालमीतला हात अजून गेलेला नाही. गेल्या रविवारी मनमाडला हरवलं. संपतनं एकट्यानं एकवीस पॉइंट केले. सगळ्या जागच्या टीम हरवून फेब्रुवारीत कप आणला, तर सातही हंगामी पोरांना पर्मनंट करू, असं मोठ्या साहेबांनी तोंडी सांगितलंय. पोरं वेडी झालीत.

तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. पोराची काळजी नसावी. त्याचं जेवण आमच्याकडंच असतं. सरदारबी त्याला दोन भाकरी जास्तच वाढते.

एक सहज विचारतो. लहानपणी त्याला मोठं दुखणं काही आलं होतं का? ताप, सांधे सुजणं, असलं काही? खेळून आल्यावर तो जरा जास्त दमतो. तसं काही नाही. अंगात ताकद भरपूर आहे. पण कळवलंत तर बरं होईल.

वहिनींना सलाम.

आपला,
नबीलाल



दौंड,
ता. २० डिसेंबर १९६१

हौशीराम आप्पा यांस, सलाम.

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. भाजीच्या हंगामात सवड कुठली, असं मनाला सांगतो.

इथं पंधरा दिवस कोणाला दम नव्हता. गोव्याकडं लष्कराच्या गाड्या जात होत्या. शेडमधली इंजिनं थंड व्हायला वेळच मिळत नव्हता. तशातही कुर्डुवाडीची मॅच ठरल्या दिवशी झाली. पोरं पॅसेंजरनं गेली, बाकड्यावर पत्ते खेळत. सुभान नावाचा एक आहे, संपतचा जोडीदार, त्याची बायको पहिल्या वेळची बाळंतीण व्हायची आहे. त्याला सगळे चिडवत होते, "पोरगा पर्मनंट बापाचा व्हनार का हंगामी बापाचा?" संपत मोठ्यानं हसत होता. तुमचं हसू आहे त्याचं.

मॅच आपण जिंकली. सात पॉइंटनं. शेवटी संपतला जरा भोवळ आली. ऊन होतं.

वर 'ऊन होतं' लिहिलंय, ते खोडावंसं वाटतंय. डिसेंबरच्या उन्हात कोणाला भोवळ येते, आप्पा? खांबाला धरून खाली बसला. मी पाणी मारलं, डोळे उघडले, लगेच उठला. ऑस्कर साहेब पंचांशी बोलत होते, त्यांनी पाहिलं नाही. पोरांना वाटलं, पाय मुरगळला. संपतनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "चाचा, कुनाला बोलायचं न्हाई. आईची शपथ घ्या." मी घेतली.

आता ती शपथ मोडून तुम्हालाच लिहितोय, म्हणजे बघा.

मालिश करताना माझा हात त्याच्या छातीवर असतो. खेळून आलेल्या गड्याचा ठोका घोड्यासारखा पळतो आणि मग हळूहळू चालीवर येतो. शेकडो गडी या हाताखालून गेलेत. याचा तसा येत नाही. पळतो, अडखळतो, मधेच एक ठोका गाळतो, आणि पुढचा एवढा मोठा देतो की माझा हात वर उचलला जातो. नखं काळीनिळी पडतात. घटकाभरानं काही झालंच नाही असा उठून भाकरी मागतो.

त्याला इथल्या दवाखान्यात दाखवू का? तो येत नाही. म्हणतो, डॉक्टरनं कागदावर काही लिहिलं तर नोकरी गेली. तुम्ही बाप आहात. तुम्ही लिहिलंत तर ऐकेल. दोन ओळी त्याच्या नावानं पाठवा.

उत्तराची वाट बघतो.

आपला,
नबीलाल



शिरूर,
ता. २८-१२-६१

नबीलाल यास,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पोरगं दौंडला हाय ते ठावं हाय. तुझ्यापाशी हाय हे ठावं नव्हतं. माझ्या घरातल्या एका मानसाला तुझा हात लागला तेवढा पुरं झाला. संपतला हात लावायचा न्हाई. त्याला कसलंबी दुखनं न्हाई, तू लावू नगंस. पुन्यांदा कागुद टाकू नगंस.

हौशीराम



दौंड,
ता. १५ जानेवारी १९६२

हौशीराम,

कागद टाकू नको म्हणालास, तरी टाकतोय. आणि 'तुम्ही' लिहिताना माझा हात अडतो. नदीत म्हशी धुवायच्या वयापासून तुला 'तू' म्हणत आलो. रागच करायचा तर त्या जुन्या नात्यानं कर.

काल संक्रांत झाली. संपतनं टीमला तिळगूळ वाटला. मलाही दिला. तू लिहिलेलं कार्ड मी त्याला दाखवलेलं नाही. मालिशही थांबवलेली नाही. हात उचलला तर त्याच्या आत काय चाललंय, हे कोणालाच कळणार नाही.

आता मी जे लिहितो, ते अकरा वर्षं मी कोणाला सांगितलेलं नाही. सरदारबीलाही नाही.

तुझा भाऊ ज्योतिबा जत्रेत कुस्तीच्या फडात मेला. तुम्ही सगळे म्हणालात, नबी वस्तादानं पोराला तापात लढवलं. कोणी म्हणालं, खुराकात काहीतरी जहाल औषध घातलं. तू माझ्या दारात येऊन माझी तालीम बंद पाडलीस. मी गप्प राहिलो. लोक म्हणाले, बघा, गुन्हा कबूल आहे म्हणून गप्प. मी गप्प का राहिलो, ते ऐक. त्याला ताप नव्हता. औषधही नव्हतं. जे होतं ते याहून वाईट होतं, आणि खोट्या आरोपाच्या आडोशाला ते झाकून जात होतं.

जत्रेच्या आधी महिनाभरात ज्योतिबा दोनदा तालमीत पडला होता. एकदा जोर मारताना, एकदा मातीत, समोरचा गडी त्याच्या अंगाला लागायच्या आधीच. डोळे पांढरे झाले होते. मी तोंडावर पाणी मारलं. उठल्यावर तो म्हणाला, "दादाला सांगू का?" मी म्हणालो, "सांग की. उद्यापास्नं तालीम बंद आन् नांगर हातात." तो हसला आणि त्यानं सांगितलं नाही. जत्रेच्या दिवशी लंगोट चढवताना तो मला म्हणाला, "वस्ताद, छातीत कसंतरीच व्हतंय."

मी काय म्हणालो असेन, हौशीराम?

मी म्हणालो, "भ्यालास व्हय?"

झालं. तो फडात उतरला. पुढचं तू स्वतः बघितलंस.

त्या साली मला चांदीचं कडं हवं होतं. माझ्या तालमीचा गडी शिरूरच्या जत्रेत पहिला आला पाहिजे होता. बस्स, एवढंच.

आणि आता तुझं पोर. ज्योतिबाच्या छातीवरही माझा हात असायचा. तोच ठोका आहे. तसाच गळणारा, तसाच वर उसळणारा. पहिल्यांदा हाताला लागला, तेव्हा मी मालिश अर्धी टाकून बाहेर गेलो आणि नळाखाली डोकं धरलं. मला वाटलं, म्हातारपणी हाताला भास होतोय. आता तीन वेळा तो खाली बसलाय. परवा शेडमध्ये, कोळशाची पाटी उचलताना.

मी घाबरलोय. जेवताना बाहेर कोणी धावत गेलं तरी ताटावरून उठतो, कोणीतरी हाक मारणार, "चाचा, संपत पडला." शपथ मोडून ऑस्कर साहेबांना सांगावं, असं रोज ठरवतो. पोरं सरावाला येतात, सुभान विचारतो, "चाचा, आपला सेंटर खूश ना?" आणि मी म्हणतो, "खूश." सात पोरांची नोकरी आहे. संपत म्हणतो, "चाचा, एक फायनल. मंग मी पर्मनंट. मंग डाक्टर, बिक्टर, तुमी म्हनाल तिथं येतो."

फायनल चार फेब्रुवारीला आहे, इथंच, सोलापूरच्या टीमशी. नेमकी त्याच दिवसांत अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार, असं इकडं ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. आमच्या चाळीत बाया आतापासूनच रडतात. मला जगाचं भय नाही. मला दुपारी चार वाजताचं भय आहे.

तू ये. त्या आधी ये आणि पोराला घेऊन जा. बापानं हात धरून नेलं तर कोणी काही म्हणणार नाही. मी समोर दिसू नये असं वाटत असेल, तर मी दोन दिवस पाटसला मेव्हण्याकडं जाईन. माझ्याच्यानं त्याला थांबवणं होत नाही. एकदा झालं नाही, दुसऱ्यांदाही होत नाहीये.

ये.

नबीलाल



दौंड,
ता. ७ फेब्रुवारी १९६२

हौशीराम आणि भागुबाई वहिनी,

संपत जिवंत आहे. आधी एवढं ऐकून घ्या.

हे पत्र टपालात टाकत नाही. एसटीवरचा म्हस्कू कंडक्टर तुमच्या आळीतला. त्याच्या हाती देतोय. त्याला सांगितलंय, घरात बसून दोघांच्या समोर मोठ्यानं वाच. हौशीराम, तू आला नाहीस. माझं मागचं पत्र वाचलंस की न वाचता चुलीत घातलंस, मला ठाऊक नाही. वाचलं नसशील तर ज्योतिबाचं सगळं म्हस्कूच्या पुढ्यात पुन्हा सांगत नाही. तू आलास की तुझ्या तोंडावर सांगेन.

रविवारी चार वाजता मॅच सुरू झाली. देवळातल्या होमाचा कर्णा तिथपर्यंत ऐकू येत होता. कॉलनीतली निम्मी माणसं धरणीकंपाच्या भयानं घराबाहेर बाजा टाकून बसलेली, ती सगळी मैदानावरच आली. उघड्यावर बसायचं तर मॅच बघत बसू. ऑस्कर साहेब पोरांना म्हणाले, "दुनिया डूबनेवाली है तो कप लेके डूबेंगे."

पहिल्या डावात आपण सत्तावीस, ते वीस. संपत असा खेळला की सोलापूरची माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो उडी मारून खाली यायचा, तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागले की माझा श्वास सुटायचा.

हाफ टाइमला तो खोलीत आला आणि फळीवर आडवा झाला. ओठ राखेसारखे. मी हात ठेवला. ठोके मोजताच येईनात. मग एकदम थांबले. एक गेला, दुसरा गेला, तिसराही आला नाही. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, तर तो माझ्याकडंच बघत होता. मग धाडकन एक ठोका आला.

"चाचा," तो म्हणाला, "ईस मिन्टं. ईसच."

आणि मी "बरं" म्हणालो.

मी खोटं लिहिणार नाही. वहिनी, तुमच्या पोराला हातात धरून मी "बरं" म्हणालो. सात पॉइंट पुढं होतो आपण. कप टेबलावर दिसत होता. मलाही तो हवा होता. या वयात, एवढं सगळं बघून, तरीही हवा होता.

पोरं बाहेर गेली. संपत सगळ्यांच्या मागं होता. दारातून जाताना वाकला आणि वर यायला त्याला चौकट धरावी लागली. दोन्ही हातांनी. ते मी पाठीमागून बघितलं. ज्योतिबाच्या वेळी मी पाठीमागून बघितलंच नव्हतं, मी आधीच फडाच्या कडेला जाऊन उभा होतो.

मग माझं मलाच कळलं नाही. शिट्टी झाली आणि मी मैदानात चालत गेलो आणि मधल्या गोलात मांडी घालून बसलो. पंचांच्या हातात चेंडू तसाच राहिला.

आधी लोक हसले. मग ओरडायला लागले. "म्हातारा पिऊन आलाय!" "सोलापूरवाल्यांनी फोडला रं ह्याला!" संत्र्याची सालं, चपला येऊन पडल्या. ऑस्कर साहेब धावत आले. "नबी, उठो. तमाशा मत करो." माझा दंड धरून ओढायला लागले. संपत वाकून हळू म्हणाला, "चाचा, तुमी आईची शपथ घेतली हुती."

मी मोठ्यानं म्हणालो, पाठीमागच्या माणसांनाही ऐकू जावं असं, "ह्याचं काळीज आजारी हाय. नोव्हेंबरपास्नं मला ठावं हाय, मी लपवलंय. ह्याला खेळवायचं आसंल तर आधी मला हितनं उचला."

माझं वजन अजून दोन मण भरतं. चौघांनी प्रयत्न केला, मी उठलो नाही.

पाहुण्यांच्या खुर्च्यांवर रेल्वेचे डॉक्टर बसले होते. ते उठून आले. त्यांनी तिथंच, मैदानात, संपतच्या छातीला नळी लावली. नुसता देवळातला कर्णा. डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. मग नळी काढून ऑस्कर साहेबांना म्हणाले, "याला खुर्ची द्या. खोलीपर्यंतसुद्धा चालवू नका."

संपत खुर्चीवर बसला आणि त्यानं टॉवेल तोंडावर घेतला. मॅच संपेपर्यंत काढला नाही.

आपण हरलो. त्रेचाळीस, सेहेचाळीस. पर्मनंटच्या बोलण्याचं पुढं काय होणार, ते कोणी काढत नाही. पोरं माझ्या अंगावर धावून येतील असं वाटलं होतं. आली नाहीत. सुभान बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. त्याला दोनच दिवस आधी मुलगी झाली होती. तो वर न बघता म्हणाला, "चाचा, नव्हेंबरात सांगितलं आसतं तर आमी त्येच्याबिगर खेळायला शिकलो आसतो."



डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. काल मी संपतला पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. तो आला खरा. डब्यात समोरच्या बाकावर, खिडकीकडं तोंड करून. डॉक्टरांनी कागदावर आलेख काढला, फोटो काढला. म्हणाले, काळजाचं मांस जन्मापासूनच जाड आहे, रक्ताची वाट आवळते. पळालं, ओझं उचललं की आणखी आवळते. यावर औषध थोडंच, पथ्यच मोठं. पळायचं नाही, जड उचलायचं नाही, दमायचं नाही. तसं राहिला तर वर्षानुवर्षं जगेल, असं म्हणाले. खात्री देतो, असं मात्र म्हणाले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "घरात तरणंताठं माणूस असं एकाएकी गेलंय का कोणी?"

संपत म्हणाला, "न्हाई."

मी म्हणालो, "होय. याचा चुलता. एकविसाव्या वर्षी."

संपतनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

येताना लोणी गेलं, उरुळी गेलं. यवतला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "काकाला बी आसंच व्हायचं?"

"व्हय."

"तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. तो पुन्हा खिडकीकडं वळला. केडगाव येईपर्यंत बाहेरचा ऊस बघत होता. मग माझ्याकडं न बघताच बोलला. आवाज इतका लहान, की मला पुढं वाकावं लागलं.

"चाचा, आमची धाकटी नकुशी बी बसती. नदीवरनं पानी आनताना, चढावर. घागर खाली ठिवती आन् बसती. ओठ काळं पडत्यात तिचं. आई म्हनती, सोंग करती, आळशी हाय."

वहिनी, म्हणून हे पत्र.

आम्ही निघताना डॉक्टर म्हणाले होते, हे रक्तातून येतं, भावंडांना बघायला हवं. तेव्हा मला नुसतं ऐकू आलं. केडगावला कळलं. आज पहिला रोजा. पहाटे सहेरीच्या जेवणाला बसायचं सोडून हे लिहायला बसलो. पोरगी तेरा वर्षांची, मी तिला रांगती असतानाच बघितलेली, आणि ती मला सारखी चढावर घागर घेऊन दिसते.

तिला आळशी म्हणू नका. म्हस्कू हे वाचतोय, त्या क्षणापासून तिच्या डोक्यावर घागर नको, भारा नको. ती आत्ता नदीवर गेली असेल, तर कोणीतरी जा आणि घागर काढून घ्या. ओरडत, धावत जाऊ नका, ती घाबरून पळेल. हळू जा.

उद्या तिला घेऊन दौंडला या. इथून पुण्याला संपत तुमच्याबरोबर येईल, त्याला डॉक्टरांची जागा माहीत आहे. ऑस्कर साहेब शेडमध्ये त्याच्यासाठी बसून करायचं काम बघताहेत. मिळेल का, ते सांगता येत नाही. माझ्याशी तो पुन्हा बोललेला नाही, पण सरदारबीच्या हातचं जेवतो. हौशीराम, मी समोर यायचं की नाही, ते तू ठरव. तू मारलंस तरी चालेल. पण ते पुण्याहून परत आल्यावर.

स्टँडवर एसटी सुटायला लागली, तर तिच्यामागं पळू नका. पोरीला पळू देऊ नका. म्हस्कूला सांगून ठेवलंय, तो थांबेल. नाहीच थांबता आलं, तर गाडी जाऊ दे. दुसरी येते.

उत्तर लिहीत बसू नकोस. निघ.

नबीलाल